माळावरची माळ

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्याच रुईच्या फुलांचा हार हवाई बेटांवर लग्नात, पदवीदानात, वाढदिवसाला माणसांच्या गळ्यात घालतात, हे कुणाला सांगितलं तर आधी हसू येतं. हवाईत रुईला ‘पुआ कलाउनू’ म्हणतात. कलाउनू म्हणजे क्राउन, मुकुट. रुईचं फूल जवळून पाहिलंत तर पाच पाकळ्यांच्या मधोमध मेणाचा केल्यासारखा एक छोटा मुकुट दिसतो, त्यावरून हे नाव. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिचं हे लाडकं फूल. १८९३ मध्ये तिला गादीवरून खाली खेचलं गेलं. राज्य गेलं, पण राणीचं फूल म्हणून रुईचा मान राहिला. आणि गंमत अशी की रुई मूळची तिथली नाहीच. ती गेली आपल्या बाजूच्या मुलखातून.

होटगी रोडने गावाकडे जाताना दोन्ही बाजूंना ही रुई उभी असते. धुळीने माखलेली, कुणी न लावलेली, कुणी पाणी न घातलेली. आपल्यासाठी ती झुडूप, फार तर शनिवारचं काम.

हवाईतल्या हाराला ‘लेई’ म्हणतात. (मराठीत अंगावर घालण्याला ‘लेणं’ म्हणतात. निव्वळ योगायोग आहे, पण छान आहे.) आपण सिनेमात पाहिलेली लेई म्हणजे विमानतळावर पर्यटकांच्या गळ्यात पडणारी जांभळ्या ऑर्किडची माळ. ती बरेचदा थायलंडहून आयात केलेली फुलं ओवून होते. खरी जुनी लेई वेगळी. ती रानातल्या वेलींची, पानांची, बियांची, पिसांची, शिंपल्यांची. निइहाऊ नावाच्या छोट्या बेटावर बारीक शिंपल्यांच्या इतक्या सुंदर माळा करतात की त्या दागिन्यांच्या भावाने जातात. आपल्याकडे तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. समुद्र इथून कुठच्या कुठे, तरी कवडी तुळजापुरात पोचलीच ना!

सगळ्यात जास्त मजा फुलांच्या पासपोर्टची आहे. हवाई म्हटलं की डोळ्यांसमोर जो चाफा येतो, कानामागे खोचलेला, तो मूळचा अमेरिका खंडातला. देवळापुढचा आपला चाफा म्हणजे हाच, तोही तिकडूनच आलेला. दसऱ्याला ज्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही तो झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचा. शेवंती चीनची. म्हणजे हारवाल्याकडून आपण जो ‘पारंपरिक हार’ आणतो त्यात निम्मी मंडळी पाहुणी असतात. पाहुण्यांशी माझं काही भांडण नाही. प्रश्न एवढाच पडतो की घरची मंडळी कुठे आहेत?

घरची मंडळी नवरात्रात भेटतात.

दक्षिण सोलापूर तालुक्यातलं होटगी म्हणजे मठाचं होटगी, तलावाचं होटगी आणि त्याच्या शेजारचं होटगी स्टेशन, जिथून एक रूळ वाडीकडे जातो आणि दुसरा विजयपूर, गदगकडे. मराठी बोलता बोलता माणसं कन्नडमध्ये कधी शिरतात कळत नाही. जमीन कुठे काळी, कुठे नुसता मुरूम. या मुरमाड माळावर पावसाळा सरता सरता एक झुडूप पिवळंधमक होतं. ते तरवड. कंबरेएवढं, कधी डोक्याएवढं. पाच पाकळ्यांची, हळदीच्या रंगाची फुलं, झुपक्या-झुपक्यांनी. जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते टिकतं. पूर्वी त्याची साल कातडं कमावायला वापरायचे.

घटस्थापनेला घरोघरी मातीत धान्य पेरून घट बसतो आणि रोज एक माळ घटावर सोडली जाते. आमच्या बाजूला पहिली माळ बहुतेक घरांत विड्याच्या पानांची. नंतरच्या माळांमध्ये तरवडाची आणि कारळ्याची फुलं हवीतच. कुठल्या दिवशी कुठली माळ याचे कलरफुल चार्ट हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, नऊ दिवस, नऊ रंग, नऊ फुलं. त्यात तरवड क्वचितच असतं, कारण चार्ट बनवणाऱ्याच्या माळावर ते नसावं. घरातल्या मोठ्या बायकांचा चार्ट वेगळा असतो. त्या दिवशी रानात जे फुललंय ते.

कारळा माहीत नसेल तर जेवणातून ओळख सांगते. शेंगाचटणीच्या शेजारी डब्यात जी काळसर चटणी असते, ती कारळ्याची. पूर्वी बाजरीत, तुरीत मध्येच किंवा बांधाकडेला दोन तास कारळ्याचे टाकायचेच. चटणीपुरतं तेलबी घरात यायचं आणि नवरात्रात देवीला फुलं मिळायची. आता रानंच्या रानं सोयाबीनची. दोन तास वेगळे ठेवायचे म्हणजे पेरणीयंत्रवाल्याला थांबवायचं, काढणीला पुन्हा वेगळी मजुरी. ते कोण करणार? मग मधल्या मारुतीपाशी वाट्यावर मांडलेली फुलं विकत घ्यायची. विकत घ्यायला हरकत नाही, पण कारळ्याची चटणी आणि देवीची माळ एकाच तासातून यायची, हा धागा तिथे तुटतो. (कारळ्याचंही मूळ घर इथिओपिया, बरं का. पण आपल्या रानात तो इतका जुना आहे की त्याला आता रेशनकार्ड देऊन टाकलेलं बरं.)

आता तरवडाची दुसरी ओळख. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या तेलुगू भाषक पद्मशाली वस्तीत, नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा होतो. भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावस्येपासून अष्टमीपर्यंत. ताटात फुलांचे थरावर थर रचत निमुळता मनोरा करायचा, वर हळदीची गौरम्मा ठेवायची, भोवती फेर धरून बायकांनी गाणी म्हणायची आणि शेवटी तो पाण्यात सोडायचा. या मनोऱ्यात दोन फुलं मानाची. एक गुनुगू, म्हणजे आपला कुरडू, ज्याच्या कोवळ्या पाल्याची आपण भाजी करतो. दुसरं तंगेडू. तंगेडू म्हणजे तरवड! तेलंगणाचं राज्यफूल आहे ते. म्हणजे एकाच शहरात, एकाच आठवड्यात, एकाच झुडपाची फुलं एका घरात घटावर माळ होऊन लटकतात आणि दुसऱ्या घरात ताटात थर होऊन बसतात. एका बेंचवर बसणाऱ्या दोन मैत्रिणींना बहुधा हे माहीत नसतं. विचारून बघा.

सुई ठेव की!

माळ करायला शिकायची तर व्हिडिओ ढिगाने आहेत. तरी मी सांगेन, एकदा हाताने करणाऱ्या माणसाजवळ बसा. मी होटगीत आत्याकडे बसले. तरवडाची फुलं, कुरडूचे तुरे, थोडा बेल, असं सगळं ओल्या फडक्यावर पसरलेलं. मी सुईत दोरा घालायला घेतला तर म्हणाली, “काय करलालीस गं? सुई ठेव की! दोरा पायाला बांध.”

तर पद्धत अशी. सुती दोरा घ्यायचा, नायलॉन नको. सोलापुरात सुताला काय तोटा! मागावरचं उरलेलं सूत कुणाकडेही मिळतं. दोरा दुहेरी करून ओला करायचा, ओलं सूत देठाला धरून राहतं. एक टोक पायाच्या अंगठ्याला किंवा खिडकीच्या गजाला. डाव्या हाताच्या चिमटीत दोन फुलं एका बाजूला तोंड करून, दोन उलट्या बाजूला, देठं मध्ये एकमेकांवर. देठांवरून दोऱ्याचा एक वेढा. मग उजव्या हाताच्या बोटावर दोऱ्याचा उलटा फास घ्यायचा, तो देठांवर चढवायचा आणि ओढायचं. घट्ट, पण देठ कापला जाणार नाही इतपतच. पुढची चार फुलं पहिल्या गाठीला चिकटून. मध्ये फट राहिली की माळ ‘दात पडल्यासारखी’ दिसते, हे आत्याचे शब्द.

पहिली वीतभर माळ होईपर्यंत बोटं ऐकत नाहीत. त्यानंतर मेंदू बाजूला होतो आणि बोटं एकटी काम करतात. गप्पा मारत माळ होते ती अशी. टीव्ही बघतही होते, पण मोबाईल बघत होत नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात. एका तासाचं डिजिटल डिटॉक्स फुकटात.

हवाईत माळ करण्याच्या पद्धतींना स्वतंत्र नावं आहेत आणि ती पाहिली की आपलं घरातलं ज्ञान किती पसरट आहे ते कळतं. सुईने ओवणं म्हणजे ‘कुई’. एकाच प्रकारच्या वेलीची किंवा पानांची वेणी घालणं म्हणजे ‘हिली’. वेणी घालता घालता पेडात फुलं, नेचे अडकवत जाणं म्हणजे ‘हाकू’. मध्ये एखादा कणा धरून त्यावर दोऱ्याने फुलं गुंडाळत जाणं ‘विली’. खाली पट्टी ठेवून त्यावर फुलं टाचणं ‘हुमू’. डोक्यावर घालायच्या फुलांच्या कड्याला आज इन्स्टावर सगळे सरसकट ‘हाकू’ म्हणतात, तेव्हा जाणकार चिडतात. डोक्यावरची ती ‘लेई पोओ’, हाकू ही पद्धत. आपल्याकडेही आहेच की असं. गजरा, वेणी, माळ, हार, तोरण, मुंडावळ्या हे सगळं वेगळं, करायची रीत वेगळी. अंबाड्यावरची वेणी केळीच्या सोपटावर टाचतात, ती सरळ ‘हुमू’. अंबाडीच्या वाखावर फुलं गुंडाळली तर ‘विली’. फरक एवढाच, की आपण आता सगळ्याला ‘फ्लॉवर ज्वेलरी’ म्हणतो आणि हळदीसाठी कापडी फुलांचा सेट ऑनलाइन मागवतो. दिसतो छान, फोटोत तर फारच छान. पण त्याला वास नसतो आणि तो कधी कोमेजत नाही, हीच त्याची अडचण. हळद झाल्यावर त्या सेटचं करायचं काय?

एक निरीक्षण. घरात गजरा करतात बायका, बाजारात हाराच्या गाळ्यावर मोठे हार बांधतात बरेचदा पुरुष. फुलारी, गुरव, माळी अशी कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या यात आहेत. तेव्हा ‘हे मुलींचं काम’ वगैरे बाजूला ठेवा. मुलांनो, दोरा पायाच्या अंगठ्याला बांधायला काही लागत नाही.

तोडायचं कसं, सोडायचं काय

हवाईत लेईसाठी रानात जाणारे आधी झाडाची परवानगी मागतात. एका झाडाचं सगळं ओरबाडत नाहीत, चार झाडांचं थोडं थोडं घेतात. आपल्या घरांतही सूर्य मावळल्यावर फूल तोडू देत नाहीत. ‘झाड झोपलंय’ म्हणतात. लहानपणी ही गोष्ट वाटते. पण संध्याकाळी घाईने, अंधारात, हाताला येईल ती फांदी ओढणाऱ्याला अडवायला याहून चांगलं वाक्य नाही. तरवडाची फांदी मोडायची गरजच नसते, झुपका देठासकट खुडता येतो. प्रत्येक झुपक्यातली काही फुलं ठेवायची, त्याच्याच पुढे शेंगा होतात.

काही गोष्टी मात्र गंमत म्हणून सोडून देण्यासारख्या नाहीत. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर बुबुळाला इजा होते. चिकाचा हात डोळ्यांना लावायचा नाही, गेलाच तर भरपूर पाण्याने धुवून सरळ डॉक्टरकडे जायचं. पानं तोडून चीक निथळू द्यावा, पुसावा, मग माळ करावी. कण्हेर दिसायला सुंदर, पण झाड विषारी. लहान मूल किंवा शेळी हार चघळेल अशा ठिकाणी ती नको. आणि गाजरगवत! त्याची बारीक पांढरी फुलं बुकेतल्या महागड्या फिलरसारखी दिसतात, म्हणून काही जण तीच वापरतात. त्याने अंगावर पुरळ उठतं, काहींना शिंका आणि दमाही होतो. माळावरचं सगळंच आपलं नसतं.

तरवडाइतकीच मला आवडणारी एक जोडी सांगते. हवाईच्या ओआहू बेटाचं मानाचं फूल ‘इलिमा’. कागदाहून पातळ, नारिंगी-पिवळं, दिवसभरात मलूल होणारं. एका माळेला पाचशे ते हजार फुलं लागतात. त्याची सख्खी चुलत बहीण आपल्या बांधावर, बसस्टँडच्या मागे, मैदानाच्या कडेला उगवते. ती म्हणजे चिकणा, वैद्य जिला बला म्हणतात. दोन्ही सिडा वंशातल्या. तिकडे हजार फुलं वेचून माळ करतात, इकडे आपण तिच्यावर गाडी लावतो.

पण तिकडेही सगळं आलबेल नाही. हवाईतलं सर्वांत जिव्हाळ्याचं रानफूल म्हणजे ओहिआ झाडाचं लाल लेहुआ. गेल्या दशकात एका बुरशीने ओहिआची झाडं झपाट्याने मरायला लागली. झाडाच्या जखमेतून रोग शिरतो, म्हणजे फूल तोडणंही धोक्याचं. हवाई बेटावरून ओहिआची फांदी, फूल, लाकूड परवान्याशिवाय दुसऱ्या बेटावर न्यायला बंदी आली. हिलो गावात दरवर्षी होणाऱ्या मोठ्या हुला महोत्सवातल्या नृत्यगटांना लेहुआ न वापरण्याचं आवाहन केलं गेलं. विचार करा, पिढ्यान्‌पिढ्या ज्या फुलाशिवाय नाच उभा राहत नव्हता, ते फूल झाड वाचावं म्हणून बाजूला ठेवायचं. तेव्हा परंपरा जपायची म्हणजे फूल तोडायचं की न तोडायचं?

आपल्या तरवडाला असा रोग लागलेला नाही. त्याचा त्रास साधा आहे. त्याच्या जमिनीला ‘पडीक’ म्हणतात. पडीक म्हटलं की जागा मोकळी. प्लॉट पाडा, मुरूम काढा, भिंत घाला, नाहीतर ‘हिरवं’ करायचं म्हणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावा. माळरान मुळात झाडांचं रान नसतंच. ते गवताचं आणि झुडपांचं रान. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं ते याच प्रकारच्या रानासाठी. वृक्षारोपणाच्या दिवशी खड्डा खणायच्या आधी तिथे काय उगवलंय ते कुणी पाहत नाही. एनएसएसच्या कॅम्पला जाणाऱ्यांनी एवढं एक पाहिलं तरी पुष्कळ.

हवाईत १९७० च्या दशकात आपली भाषा, नाच, गाणी परत मिळवायची मोठी लाट आली. १८९६ पासून शाळांत इंग्रजीच चालत होती. १९७८ मध्ये हवाईयन भाषा राज्याची अधिकृत भाषा झाली, आणि त्याच वर्षी मेरी मॅकडोनाल्ड या लेई करणाऱ्या बाईंचं ‘का लेई’ हे पुस्तक आलं. कुठली वनस्पती, तिचं नाव काय, माळ कशी करायची, हे त्यांनी लिहून ठेवलं. १९९० मध्ये त्यांना अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. आज तिथली कॉलेजची पोरं लेई शिकतात ती अशा नोंदींच्या जोरावर. १ मे हा तिथे १९२८ पासून लेई दिवस आहे. स्पर्धा होतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या लेई राजघराण्याच्या समाधीवर नेऊन वाहतात. कचऱ्यात जात नाहीत.

आपल्याकडे घटाच्या माळांची अशी नोंद माझ्या पाहण्यात नाही. ती करायला पीएचडी लागत नाही, वही लागते. येत्या नवरात्रात घरातल्या, गल्लीतल्या एका तरी आजीला विचारा. तुमच्या माहेरी कुठल्या दिवशी कुठली माळ? फुलं कुठल्या शेतातून यायची? त्या फुलाला तुम्ही काय म्हणता? होटगीसारख्या गावात एका झुडपाची तीन भाषांतली तीन नावं एका दुपारी मिळतील. फोटो काढा, गाठीचा क्लोजअप काढा, दोरा कशाचा तेही लिहा. आणि बतुकम्मा करणारी मैत्रीण असेल तर तिच्या आजीकडेही जा, फुलांची यादी शेजारी-शेजारी मांडा.

दसऱ्याला घट हलवला की सुकलेल्या माळा उतरतात. त्यातलं सूत सोडवून फुलं तुळशीच्या बुडाशी घाला, तलावात नको. तरवडाच्या शेंगा हिवाळ्यात तपकिरी, चपट्या होऊन वाळतात, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास माळावर गेलात तर हाताला लागतील. बी टणक असतं. पॉलिश पेपरवर थोडं घासायचं किंवा गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवायचं, आणि मृगात लावायचं. जागा मात्र मुरमाचीच निवडा, कुंडीतल्या लाडात ते रमत नाही.